आधी कबूल केलेले पैसे द्या, मग मोटिवेशनचं बोला

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या कंपनीत (रबाळे एमआयडीसी, नाव देत नाही) मोटिवेशनचं सेशन झालं, दोन तास. ट्रेनरने मेंदूचं चित्र दाखवलं, डोपामाइन नावाचं मेंदूतलं रसायन वाढवा, कामात मन लागेल, सकाळी गार पाण्याने आंघोळ करा, मोबाईल लांब ठेवा वगैरे. मी पॅकिंग लाइनला सुपरवायझर आहे, १४ वर्षं झाली, २२ जण सांभाळतो, म्हणून घरी येऊन हा विषय जमेल तेवढा वाचून काढला आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडे सांगतात ते अर्धवट आहे. वोल्फ्रॅम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञांनी माकडांवर प्रयोग केले, आधी खूण दिसायची, म्हणजे समजा दिवा लागायचा, आणि मग फळाच्या रसाचा थेंब मिळायचा. सुरुवातीला रस मिळाला की डोपामाइन सोडणाऱ्या पेशी जोरात चालायच्या, सवय झाल्यावर त्या खुणेलाच चालायला लागल्या, रस आला तेव्हा विशेष काही नाही, कारण तो येणार हे माकडाला माहीतच होतं. आणि खूण दिसूनही रस आलाच नाही तर ज्या क्षणी यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्या पेशी नेहमीपेक्षाही गप्प. १९९७ साली शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू या तिघांनी हे मांडलं. म्हणजे काय कबूल केलं होतं आणि हातात काय पडलं याचा हिशोब मेंदू ठेवतो.

हे वाचलं आणि मला आमची लाइन आठवली. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मोठी ऑर्डर होती, वेळेत गेली तर प्रत्येकी अडीच हजार असं साहेबांनी लाइनवर उभं राहून सांगितलं. लोकांनी रविवार भरले, मुंब्रा, दिवा, टिटवाळ्याहून येणारी पोरं ठाण्याला गाडी बदलून सातच्या आत गेटवर हजर, माल वेळेत गेला. दसरा झाला, दिवाळी झाली, पैसे नाहीत. आमच्यातल्या एक ताई पगाराचा मेसेज आला की चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्याजवळ धरून बघायच्या, तीन महिने बघितलं, मग बघायचं सोडलं. पुढच्या ऑर्डरला साहेब परत आले, परत तीच घोषणा, लाइनवर एकानेही मान वर केली नाही, नुसता टेप ओढायचा आवाज. ताई नंतर मला म्हणाल्या, दादा, ते बोलणं आता कानात शिरतच नाय.

आणि अशा माणसांना आळशी म्हणून सेशनला बसवायचं? मला हे पटत नाही.

अमेरिकेतले जॉन सॅलमोन यांचे उंदरांवरचे प्रयोग आहेत, मेंदूच्या एका भागातलं डोपामाइन कमी केलं तर उंदराची भूक जात नाही, आवडतं खाणं आयतं दिलं तर तो खातो, पण त्याच्यासाठी खटका दाबत बसायची मेहनत टाळतो आणि शेजारी पडलेलं साधं खाऊन घेतो. माणूस उंदीर नाही हे मान्य, तरी मला त्यात ओळखीचं काहीतरी दिसलं.

झोपेचंही तसंच. २०१२ मध्ये नोरा व्होल्को यांच्या टीमने स्कॅन करून दाखवलं की एक रात्र जागरण झालं तरी मेंदूच्या त्याच भागात डोपामाइन घेणारे रिसेप्टर कमी दिसतात. आमच्याकडे रात्रपाळी करून आलेल्या पोराला दुपारी फोन जातो, उद्या फर्स्ट शिफ्टला ये, माणूस कमी आहे. मीच करायचो ते फोन. आता बंद केलेत, त्यावरून ऐकूनही घेतलंय.

माझ्या हातात होतं तेवढं अजून एक केलं. तासाला किती बॉक्स झाले हा आकडा आधी फक्त ऑफिसच्या रजिस्टरमध्ये जायचा, आता लाइनशेजारी फळा लावलाय आणि आकडा तिथे काम करणाऱ्यानेच खडूने लिहायचा. चहाला जाताना पोरं वळून बघून जातात. पण अडीच हजार फळ्याने येत नाहीत, ते कंपनीने द्यायचे असतात, आणि ट्रेनरच्या फीला पैसे असतील तर त्याला का नाहीत हे मी मिटिंगमध्ये विचारलंय, उत्तर अजून आलेलं नाही.

पत्र मोठं झालं असेल तर माकडाचं कापा, उंदराचं कापा, पण अडीच हजारांचं तेवढं ठेवा. लाइनवर सगळ्यांना सांगितलंय की पेपरला लिहितोय.

आपला,
एक पॅकिंग सुपरवायझर, कळवा (ठाणे)