मनूला, साऊथ डकोटाला निघण्याआधी

मनू बाळा,

रविवारी तू फोन ठेवलास (आपटलास असं म्हणत नाही), तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. तिचं म्हणणं मी पैशांची गोष्ट काढायलाच नको होती. आता मी काय वेगळं बोललो सांग, टॅक्सचा जो काही फरक पडेल तो मी देतो, तुम्ही घर सोडून गाडीत राहायला निघालात तरी पत्ता आपला न्यू जर्सीतल्या एडिसनचाच राहू द्या, एवढंच ना? जावईबापूंना ते लागलं असेल तर त्यांना सांग सासरा जुन्या वळणाचा आहे, मनावर घेऊ नका.

या पत्रात इन्शुरन्सचं एक अक्षर काढणार नाही असं आईला कबूल केलंय. म्हणून फक्त पत्त्याबद्दल लिहितो.

तू म्हणालीस आरव्ही (ते चाकांवरचं घर) घेऊन साऊथ डकोटाला जायचं, टपालासाठी भाड्याचा मेलबॉक्स घ्यायचा, एक रात्र कॅम्पग्राउंडवर काढायची, ती पावती दाखवली की पाच वर्षांचं ड्रायव्हिंग लायसन्स हातात आणि झाले रहिवासी. मला आधी वाटलं तू माझी फिरकी घेतेयस. वालचंद कॉलेजला ॲडमिशनच्या वेळी डोमिसाईल सर्टिफिकेट काढायला आण्णांनी मला तहसील कचेरीत किती फेऱ्या मारायला लावल्या होत्या माहितीये ना, पंधरा वर्षं राज्यात राहतोय याचा पुरावा आणा, शाळेचा दाखला आणा, रेशन कार्ड आणा, तलाठ्याकडून लिहून आणा, आणि ज्या माणसाच्या चार पिढ्या त्याच गावात गेल्या त्यानं ते सगळं निमूटपणे आणायचं. आणि इथं एका रात्रीची पावती! पण मी वाचत बसलो सगळं, खरंच तसं आहे. पावती, मेलबॉक्सचा पत्ता आणि एक प्रतिज्ञापत्र. बरं स्टेट इन्कम टॅक्स नाही, गाडीची तपासणी नाही. लोक का जातात ते कळलं मला, मी काही अगदीच हा नाहीये.

मग विन्याकाकाला फोन केला, त्याला टॅक्समधलं कळतं. (तुला राग येईल, पण केला.) तो म्हणाला साऊथ डकोटा तुम्हाला घ्यायला तयार आहे हो, पण न्यू जर्सी सोडायला तयार आहे का ते बघा. इथलं डोमिसाईल असताना नॉन-रेसिडेंट धरायचं तर तीन गोष्टी एकदम लागतात, इथे कायमचं घर नको, बाहेर कुठेतरी कायमचं घर हवं, आणि वर्षात ३० दिवसांपेक्षा जास्त इथे राहायचं नाही. तुमचं बाहेर कायमचं घर कुठे आहे, ते तर चाकांवर. म्हणजे तो रस्ता बंद. मग डोमिसाईलच खरोखर हलवायला लागतं, अर्धवट चालत नाही. लायसन्स, मतदार यादी, गाडीचं रजिस्ट्रेशन, बँक, लॉकर, सगळं. लॉकर म्हटल्यावर आईचा चेहरा बघायला हवा होतास. तुझ्या पाटल्या आणि आजीची मोहनमाळ इथल्या लॉकरमध्ये आहे म्हणजे मनूचा जीव अजून न्यू जर्सीत आहे असं सरकार म्हणू शकतं का, तर विन्याकाका हसला आणि म्हणाला अगदी एकट्या मोहनमाळेवरून नाही, पण धागे मोजतात. बँकेला राहता पत्ता लागतो, मेलबॉक्सचा पत्ता बऱ्याच बँकांच्या कॉम्प्युटरला लगेच कळतो, तर त्यापुरता आमचा देऊ का विचारलं, तर म्हणे दिलात की तोही धागाच.

आणि त्या धाग्यांच्या यादीत त्याने डॉक्टरपण म्हटलं.

तर हे मी इन्शुरन्सबद्दल बोलत नाहीये, डॉक्टरबद्दल बोलतोय. तुम्ही दोघांनी नोकऱ्या सोडून स्वतःची कामं धरलीत, चांगलंच आहे, पण म्हणजे कंपनीचा प्लॅन गेला. मार्केटप्लेसचा (सरकारच्या इन्शुरन्स बाजारातला) प्लॅन मिळतो तो तुमच्या पत्त्याच्या झिपवर, म्हणजे पिनकोडवर, आणि काउंटीवर, म्हणजे जिल्ह्यावर. तुम्ही हिवाळ्यात ऍरिझोनात असाल, उन्हाळ्यात आणखी कुठे, प्लॅन मात्र त्या मेलबॉक्सच्या काउंटीचा. इमर्जन्सी देशात कुठेही कव्हर असते हे मला माहीत आहे, जावईबापूंनी तेच सांगितलं. पण तुझ्या डायबिटीसचं सगळं इमर्जन्सीच्या आधीचं आहे ना गं. ए-वन-सी (तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी), इन्शुलिन पंपाचं सामान, साखरेचा सेन्सर, डोळ्यांची तपासणी, हे कोण करणार? नेहमीच्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलेन म्हणालीस, पण डॉक्टरचं लायसन्स बघतात ते पेशंट त्या घटकेला कुठल्या राज्यात बसलाय त्यावरून, तू व्योमिंगमध्ये गाडी उभी करून इथल्या डॉक्टरला कॉल लावलास तर त्यांना रीतसर तपासता येईलच असं नाही.

आणि ऐक, साऊथ डकोटात इन्शुरन्स नसला तर न्यू जर्सीसारखा दंड नाही. म्हणून घेतलाच नाही असं कधीही करायचं नाही. पत्ता बदलला की ६० दिवसांत नवीन प्लॅन घ्यायचा, जुना त्याआधी सोडायचा नाही, मध्ये एक दिवसही मोकळा ठेवायचा नाही. प्लॅन घ्यायची इथली साईट गेट कव्हर्ड वेगळी आणि तिकडची हेल्थकेअर डॉट गव्ह वेगळी, इथलं आपोआप तिकडे जात नाही. तू म्हणशील बाबा मी बत्तीस वर्षांची आहे. आहेसच. बघ, काढलंच शेवटी, आईला हे वाचून दाखवू नकोस.

काय करू, मला तू अजून त्या मिरजेच्या वॉर्डातलीच दिसतेस. रात्रीची एसटी नव्हती म्हणून दादाने दूधवाल्याचा टेम्पो आणला होता, आणि तू सारखी पाणी मागत होतीस, आणि मला वाटत होतं उन्हाळा आहे म्हणून. नंतर घरी आल्यावर लोडशेडिंग. इन्शुलिन फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणे, फ्रीज दिवसाचे सहा सहा तास बंद! मग आजीने तिचा लहान माठ दिला, त्यात वाळू, वाळूवर पाणी, मध्ये डब्यात तुझी बाटली. तुला त्या माठाची गंमत वाटायची, मैत्रिणींना दाखवायला घेऊन यायचीस, माझं औषध माठात राहतं म्हणून. आजीनं त्या माठातलं पाणी नंतर कुणाला पिऊ दिलं नाही. पहिलं इंजेक्शन स्वतःचं स्वतः टोचलंस तेव्हा मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो होतो आणि तू आतून ओरडलीस, बाबा झालं पण!

हां, तर फ्रीज. उघडलेली बाटली बाहेर साधारण २८ दिवस चालते ते ३० डिग्रीच्या आत. गाडी उन्हात उभी करून तुम्ही डोंगर चढायला गेलात आणि गाडीतली बॅटरी बसली तर आत किती होतं याचा विचार करा. मातीची भांडी तिकडेही मिळतात.

मी बाकीची राज्यंपण बघितली, तुला वाटेल म्हाताऱ्याला उद्योग नाही. टेक्सास वाचलं. लिव्हिंग्स्टन म्हणून गाव आहे ह्युस्टनच्या वर, तिथे एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा क्लब आहे, १९७८ साली एका नवराबायकोने काढलेला, हजारो लोकांचा पत्ता तिथलाच. लायसन्स आठ वर्षांचं, आणि २०२५ पासून साध्या गाड्यांची दरवर्षीची सेफ्टी तपासणीही काढून टाकली. मला सगळ्यात काय आवडलं सांगू, पाय थकल्यावर आपली गाडी लावून राहता यावं आणि कुणी बघणारं असावं अशी सोय त्यांनी तिथेच केलीय. कुणीतरी पुढचा विचार केला. ह्युस्टनला मोठं मेडिकल सेंटर आहे म्हणून मी खूश झालो, पण झिप पोल्क काउंटीचा टाकायचा म्हणजे प्लॅनही त्या काउंटीत विकला जाणारा, त्यात ह्युस्टनचं कुठलं हॉस्पिटल येतं ते एकेक तपासावं लागणार. फ्लोरिडात काउंटी क्लार्ककडे डोमिसाईलचं डिक्लरेशन रीतसर नोंदवता येतं, ते मला बरं वाटलं, कागद असलेला बरा. गाडीचा इन्शुरन्स तिकडे महाग पडतो. पण राज्याबाहेरही नेटवर्क असलेले प्लॅन मिळायची शक्यता तिथे जास्त असं आरव्हीवाले लोक सांगतात, त्यामुळे तुझ्यासारखीनं ते बघितल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नये असं माझं मत. मत आहे, हुकूम नाही.

आणि साऊथ डकोटाच करायचं असेल तर मग माझं ऐक. तुम्ही बॉक्स एल्डर म्हणत होता, रॅपिड सिटीजवळ, कारण डोंगर जवळ, बॅडलँड्स जवळ. मेलबॉक्स सू फॉल्सलाही मिळतात. आय-९० हायवेवर आहे, तुम्ही तिकडूनच जाणार, रॅपिड सिटीच्या साडेतीनशे मैल अलीकडे. तिथे सॅनफर्ड हॉस्पिटलवाल्यांचं मुख्य ठिकाण आहे, आणि टाईप वन डायबिटीसवर, म्हणजे तुझ्यावरच, त्यांचं संशोधन चालतं, नुसतं नावाला नाही. त्यांचा स्वतःचा इन्शुरन्स प्लॅनपण आहे. म्हणजे पत्ता जिथे, डॉक्टर तिथे. वर्षातून दोनदा तिकडे जायचं, टपाल घ्यायचं, डॉक्टरला दाखवायचं, डोळे तपासायचे, मग जा कुठे जायचं ते. लोक टॅक्स बघून राज्य निवडतात, तू एंडोक्रिनॉलॉजिस्ट (डायबिटीसचा डॉक्टर) बघून निवड, टॅक्स नाहीतरी तिन्ही ठिकाणी शून्यच आहे. हे मला काल रात्री सुचलं आणि मी आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली हे तिला सांगा, मला झोपू द्या. (बोलली तेवढं तरी.)

त्यामुळे एडिसनचा पत्ता ठेवाच असं मी आता म्हणत नाही. तो ठेवलात तर टॅक्स आलाच आणि पुन्हा तुम्ही माझ्याकडून पैसे घेणार नाही हेही मला माहीत आहे. इथली खोली आहे तशीच आहे, ती काही सरकारला दाखवायची नाहीये.

मतदानाचं मात्र बघून घे. २०२३ मध्ये साऊथ डकोटानं कायदा बदलला, तेव्हापासून नुसत्या मेलबॉक्सवर यादीत नाव घालणं अवघड झालंय. सिटिझन झाल्यावर पहिल्यांदा मत द्यायला तू मला आणि आईला घेऊन गेली होतीस, रांगेत आमच्या पुढे उभी, सगळ्यांना सांगत की माझे पेरेंट्स आहेत. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना तो स्टिकर दाखवला होता. तू आता हे सगळं सोडून गाडीत राहणार म्हणतेस तेव्हा मी लोकांना काय सांगतो माहितीये? सांगतो आमची मनू अख्खा देश बघणार आहे. जोशीकाका म्हणाले वा, आम्ही तर तिकडे गेलोच नाही कधी. मग घरी येऊन मी हवामान बघतो, कुठे गारपीट, कुठे वणवा.

तर काम असं. सू फॉल्सचा झिप टाकून प्लॅनची यादी काढ, तुझं इन्शुलिन आणि पंप त्यांच्या यादीत आहे का बघ, आणि घ्यायच्या आधी मला पाठव, मी फक्त वाचेन. विन्याकाका म्हणतो कामं करत फिरलात तर ज्या राज्यात बसून कमावलं तिथेही कधीकधी रिटर्न भरावं लागतं, त्याला एकदा सवडीने फोन कर, तो पैसे घेणार नाही, घेतले तर मला सांग.

आई भाजणी आणि मेतकूट पाठवणार आहे. मेलबॉक्सवाले पार्सल किती दिवस ठेवतात आणि पुढे पाठवायचे किती घेतात ते विचारून कळव, नाहीतर तुम्ही निघायच्या आधी येऊन घेऊन जा. जावईबापूंना लसणाची चटणी वेगळी बांधलीय.

बाबा

ता. क. ग्लुकागॉनची (साखर एकदम उतरली तर द्यायच्या औषधाची) एक्सपायरी बघ. एक गाडीत, एक तुझ्या बॅगेत. आणि जावईबापूंना ते कसं द्यायचं हे तू निघायच्या आधी पुन्हा एकदा दाखव, त्यांना येतं हे मला माहीत आहे तरी.