सूचना : ‘पाहिलेली जागा, बदलता ऋतू’ कापडचित्रांची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सगळ्यांनी आपापली कापडचित्रं (कापडाचे तुकडे आणि भरतकाम यांतून केलेली चित्रं) घेऊन बसायचं आहे. आकार ठरल्याप्रमाणे ३० × ३० सेंमी. चारही बाजूंना २ सेंमी कापड जादा सोडा, नाहीतर चौकटीवर ताणताना चित्राचाच काठ मागे जातो.

प्रवासातला फोटो जरूर आणा, पण तो जसाच्या तसा उतरवायचा नाही. आधी फोनवर कृष्णधवल करून बघा. गडद कुठे, फिकं कुठे हे लगेच कळतं आणि तुकडे निवडणं सोपं जातं. लांबचे डोंगर फिकट, निळसर घ्या. जवळचं झाड ठसठशीत. भरतकामाच्या लडीतल्या धाग्याला ६ पदर असतात. दूरच्या गवताला एकच पदर वापरा, पुढच्याला तीन. धुक्यासाठी वरून ऑर्गंझाचा (पातळ, पारदर्शक कापडाचा) थर छान दिसतो. मात्र तो सिंथेटिक असेल तर गरम इस्त्री थेट फिरवू नका, आक्रसतो.

पानगळीला नारिंगी आणि पावसाला निळा, एवढ्यावर ऋतू उरकू नका (हे माझं मत, वाद घालायला मोकळे आहात!). लांबलेली सावली, ओल्या मातीचा काळपटपणा, उघड्या फांद्या यांतूनही तो दिसतो.

सुती कापड आटतं, म्हणून धुऊनच आणा. गडद लाल कापडावर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का पाहा. हळदीनं रंगवलेलं टाळा, उजेडात विटतं.

कात्री आणि भरतकामाची रिंग आपापली आणावी.