न बघता लिहिलेला आकडा

हरिपूर, सांगली
12 ऑगस्ट

प्रिय बापू,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. "एवढी वर्षं पाण्याखाली काढलीस, कधी टरकली नाही का रे?" असं विचारलंयस. आता विचारतोस, पेन्शन खाऊन वीस वर्षं झाल्यावर! खरं सांगू? पाण्याचं काही वाटायचं नाही. धास्ती असायची ती बॅटरीची.

आमची बोट (पाणबुडीला आम्ही बोटच म्हणायचो) फॉक्सट्रॉट जातीची, रशियन. बॅटरीचे 448 सेल, तेही आम्ही झोपायचो त्याच्या खाली. तिथे ताठ बसताही येत नाही. पोटावर सरकत जायचं, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) बुडवायचा, आकडा ओरडून वर सांगायचा. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. हवेत 4 टक्के झाला की एक ठिणगी पुरे. आणि सेलमध्ये खारं पाणी गेलं तर क्लोरीन, विषारी वायू.

एकदा शेवटच्या रांगेतल्या सहा सेलचे आकडे मी न बघता लिहिले. पहाटेची पाळी होती, अंग आंबलं होतं. आदल्या दिवशीचेच आकडे जरा इकडेतिकडे करून टाकले. चीफने वही चाळली, चकार शब्द न काढता स्वतः खाली उतरला. बऱ्याच वेळाने वर आला तर ओव्हरऑलच्या कोपरांना ॲसिडची भोकं. एका सेलला तडा गेला होता. मला म्हणाला, "तुझ्या त्या हळदीच्या खड्ड्यात कंदील न सोडता उतरतात काय?" पेव हा शब्द त्याला कधी जमला नाही, पण कंदील विझला तर आतली हवा वाईट, उतरायचं नाही, ही मी सांगितलेली गोष्ट त्याने लक्षात ठेवली होती. बापू, हे आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

अमेरिकेची थ्रेशर पाणबुडी 10 एप्रिल 1963 ला 129 माणसांसकट गेली. त्याआधी गोदीत तिच्या पाइपांचे काही जोड तपासले होते. तपासलेल्यांतले 14 टक्के कच्चे निघाले, आणि उरलेले तपासायचे राहूनच गेले. चौकशीत तर्क निघाला तो असाच एक जोड फुटल्याचा. वर यायला टाक्यांत दाबाची हवा सोडायची, तर हवेतल्या ओलाव्याचा जाळीत बर्फ झाला आणि वाटच बंद. एवढी अणुशक्तीवर चालणारी बोट, अडली कुठे तर चिमूटभर बर्फाला!

आज रशियाच्या कुर्स्क पाणबुडीचा दिवस. 2000 साली याच तारखेला टॉर्पेडोतलं हायड्रोजन पेरॉक्साइड गळलं, स्फोट झाले, 118 जण गेले. बोट 154 मीटर लांब आणि पाणी 108 मीटर. उभी धरली असती तर शेपूट वर राहिलं असतं. मागच्या नवव्या कंपार्टमेंटमध्ये 23 जण काही तास जिवंत होते. त्यांच्यातल्या कोलेस्निकोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने अंधारात चाचपडत चिठ्ठी लिहिली. हवा शुद्ध करायच्या रासायनिक पत्र्या तेलकट पाण्यात पडल्या आणि भडका उडाला, असं तपासात निघालं. तसल्या पत्र्या आमच्याकडेही असायच्या. तेलाचा हात लागला तर चीफ आईबहीण काढायचा. तेव्हा राग यायचा. पण गुडघाभर पाण्यात, काळोखात, थंडीने बोटं वाकत नसताना कोण हात पुसत बसणार? त्या पोरांना मी नावं ठेवत नाही.

आपली सिंधुरक्षक पाणबुडी तर 2013 च्या 14 ऑगस्टला मुंबईच्या धक्क्याला लागलेली असतानाच स्फोट होऊन बुडाली. 18 जण. त्यावर जास्त लिहवत नाही.

बाकी इकडे ठीक. कृष्णा-वारणेला पाणी आहे, पण संगमेश्वराची काळजी करण्याएवढं नाही. परड्यातलं पेव आठवतं ना? आपण लहानपणी वाकून हाका मारायचो ते. 2005 च्या पुरात पाणी शिरलं, तेव्हापासून फरशीने झाकून ठेवलं होतं. थोरला म्हणाला, बुजवून टाकू. परवा गवंडी आला, शिडी लावून उतरायला निघाला. म्हटलं थांब. माळ्यावरचा कंदील काढला, वात पेटवली, सुतळी बांधून खाली सोडला. सून आणि नातवंडं तोंडाला पदर-रुमाल लावून हसत होती; आजोबांची बोट निघाली म्हणे!

सात-आठ फूट गेला असेल. ज्योत पिवळी झाली, बारीक झाली, विझली.

गवंडी शिडी धरून नुसता बघत राहिला.

दिवाळीनंतर ये. येताना कंदी पेढे आण, डॉक्टरने नको म्हटलंय ते घरात बोलू नकोस.

तुझा,
दत्ता