पंचनामा मातीचाही व्हावा

संपादक महोदय,

महामार्गाकडेच्या शेतात डिझेलचा टँकर उलटला की पंचनाम्यात उभ्या पिकाचे नुकसान लिहिले जाते, मातीचे नाही. पुढच्या हंगामात बियाणे उगवते, शेतकरी निर्धास्त होतो, आणि मग रोपे चार-सहा पानांवर खुंटून पिवळी पडतात. रोग समजून केलेली फवारणी वाया जाते. तेलावर जगणारे जिवाणू जमिनीतला नत्र आणि प्राणवायू ओढून घेतात, म्हणून पीक उपाशी राहते. शिवाय तेलकट कणांत पाणी मुरत नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत तेल मोजले जातच नाही. उलट तेलातला कार्बन सेंद्रिय कर्बात धरला जातो आणि बिघडलेली जमीन कागदावर सुपीक दिसते! म्हणून टँकर उलटला त्याच दिवशी 0-15, 15-30 आणि 30-60 सेंमी खोलीचे नमुने, सोबत त्याच शेतातल्या चांगल्या मातीचा एक, काचेच्या बरणीत घट्ट बंद करून घ्यावेत. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात डिझेल भेगांतून खोल उतरते. तिथे वरवरचा नमुना फसवा.

सांडलेल्या भागाभोवती लगेच बांध घालावा, पाटाचे पाणी तोडावे, चिंब माती उचलून ताडपत्रीवर वेगळी ठेवावी. वर नवी माती टाकून झाकणे ही सर्वांत मोठी चूक, कारण हवा तुटते आणि तेल वर्षानुवर्षे तसेच राहते. तेल खाऊन संपवणारे हेच जिवाणू असतात; त्यांना हवा मिळावी म्हणून उरलेली माती दर पंधरवड्याला उकरावी. मुठीत गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकी ओल ठेवावी. गुंठ्यात 15 सेंमीपर्यंत साधारण 20 टन माती असते. तीत 1 टक्का तेल, म्हणजे 200 किलो, असेल तर या जिवाणूंना नत्र पुरवायला सुमारे 18 किलो युरिया लागतो. तो पिकाला नव्हे, मोकळ्या रानात चार-पाच हप्त्यांत, शेणखत आणि थोड्या सुपर फॉस्फेटबरोबर द्यावा. एकदम दिल्यास क्षार वाढून जिवाणूच मरतात.

पेरणीआधी दोन कुंड्यांत, एकीत ही माती आणि दुसरीत चांगली, वीस-वीस मूग लावून तीन आठवडे वाढ पाहावी. नुसती उगवण पुरेशी नाही; मुळे उपटून लांबी ताडावी. हा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारू नये. नमुने, तपासणी आणि माती सुधारणा टँकरमालकाच्या भरपाईतच धरली जावी, असा आदेश महसूल खात्याने काढावा.

– मृदाशास्त्राचे काही अभ्यासक