महागडी रील घेण्याआधी ताणकाटा लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छंदांवर होणाऱ्या खर्चाविषयी आपल्या पुरवणीत गेल्या आठवड्यात लेख आला होता. त्यात गळाने मासे धरणाऱ्यांच्या वाट्याला दोनच ओळी आल्या होत्या, आणि त्याही अशा की वीस हजारांची रील, म्हणजे गळाच्या काठीवरचं दोरी गुंडाळायचं यंत्र, ही निव्वळ हौस, हजाराच्या रीलनेही मासा येतोच. मासा येतो, हे खरं. पण कोणता मासा, कुठल्या पाण्यातला आणि किती वर्षं, असं विचारलं की उत्तर बदलतं. मी रबाळे एमआयडीसीत २९ वर्षं गिअरचे दात पाडणारं हॉबिंग मशीन चालवलं आणि जवळपास तेवढीच वर्षं ठाणे खाडीच्या काठावर गळ टाकतोय. रीलमध्ये ही दोन्ही कामं एकत्र येतात, म्हणून लिहितोय.

दुकानात आपण रील हातात घेतो, हँडल गरगर फिरवतो, लोण्यासारखी चालते म्हणतो आणि पैसे मोजतो. नवी रील ग्रीसने भरलेली असते, ती लोण्यासारखीच चालणार. स्वस्त रीलचा मोठा गिअर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला असतो. वरच्या किमतीच्या रीलमध्ये तो अॅल्युमिनियमचा, थंड अवस्थेत प्रचंड दाबाखाली घडवलेला असतो आणि त्याचे दात बारीक व एकसारखे उतरतात. शिमानोवाले यालाच ‘हागाने’ गिअर म्हणतात. ही कंपनी १९२१ साली जपानमधल्या साकाई शहरात सुरू झाली, आधी सायकलचे फ्रीव्हील बनवायची आणि १९७० पासून मासेमारीच्या सामानात उतरली. दात पाडणं हे तिचं मूळचंच काम. पण ओतलेल्या आणि घडवलेल्या गिअरमधला फरक रिकामं हँडल फिरवून कळत नाही. दोरीला लिटरभर पाण्याची बाटली बांधा, म्हणजे किलोभर वजन झालं, आणि ती रीलने वर ओढा. भार आला की दातांची खरखर थेट बोटांत येते. आमच्या कारखान्यातसुद्धा गिअरची परीक्षा भाराखालीच व्हायची.

खोक्यावर छापलेल्या बेअरिंगच्या आकड्याने तर अजिबात भुलू नका. दहा बेअरिंग म्हणजे सहापेक्षा चांगली रील असं काही नसतं. मोठ्या गिअरच्या दोन्ही बाजूंना, पिनिअनला (मोठ्या गिअरने फिरणाऱ्या छोट्या गिअरला) आणि लाइन रोलरला (दोरी आत येताना जिच्यावरून वळते त्या छोट्या फिरकीला) चांगली बेअरिंग असली की पुष्कळ झालं.

खरी गोष्ट ड्रॅगची. मासा ओढायला लागला की दोरी तुटू न देता सोडत राहणारा तो ब्रेक. सहा-सात वर्षांपूर्वीची सारसोळे जेट्टीवरची संध्याकाळ मला आजही तशीच्या तशी आठवते. भरती चढत होती, पाणी नुकतंच तिवरांच्या मुळांत शिरलं होतं. दिव्याखाली बोयटांची पिल्लं टपटप उडत होती. तिथेच जिताडा लागला. जिताडा गळ लागल्यावर पहिली धाव घेतो ती थेट तिवरात किंवा कालवं चिकटलेल्या खांबाकडे, आणि ती एकच धाव सांभाळायची असते. माझ्या रीलचा ड्रॅग क्षणभर अडला, मग झटक्याने सुटला. त्या क्षणभरातच वीस पौंडी दोरी ‘टक्’ करून गेली. दिवाळे गावचे एक कोळी काका शेजारी बसले होते. ते नुसत्या हाताने, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेल्या तंगुसाने गरवतात. म्हणाले, “दोर आधी ढिला सुटला पायजे रं, मंग मासा दमंल.” त्यांचं बोट हाच त्यांचा ड्रॅग. मासा ओढायला लागला की दोर बोटावरून एकसारखा सरकत राहतो, कुठे अडत नाही की कुठे सैल पडत नाही. महागडी रील विकत घ्यायची तर ते बोट विकत मिळतंय का, एवढंच बघायचं.

ते मोजता येतं. भाजीवाल्याकडे असतो तसा टांगायचा ताणकाटा मी पिशवीत ठेवतो. वीस पौंडी दोरी म्हणजे साधारण नऊ किलोचा ताण सोसणारी. ड्रॅग तिच्या पाव भागाला लावायचा, म्हणजे सव्वादोन किलो. मग दोरीचं टोक काट्याच्या आकड्याला बांधायचं, रॉड आडवा धरायचा आणि हळू ओढायचं. दोन आकडे बघायचे. स्पूल (दोरी गुंडाळलेलं रीळ) हलण्याआधी काटा कितीवर जातो तो पहिला, फिरू लागल्यावर कितीवर स्थिरावतो तो दुसरा. माझ्या त्या जुन्या रीलवर दुसरा सव्वादोन होता आणि पहिला साडेतीनच्या पुढे. मासा दोरी तोडतो तो या पहिल्या आकड्यावर. नंतर घेतलेल्या चांगल्या रीलवर पहिला आकडा अडीचच्या आतच राहिला. ही करामत कार्बन फायबरच्या वॉशरांची आणि स्पूल किती सरळ बसलाय त्याची असते. खोक्यावर ‘कमाल ड्रॅग १५ किलो’ छापलेलं असतं, त्याचा जेट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला काही उपयोग नाही. पंधरा किलोचा ओढा उभ्याने धरून दाखवा बघू.

आणखी एक हिशोब दुकानदार सांगत नाहीत. मासा पळाला की स्पूलवरची दोरी कमी होते, तिचा व्यास घटतो आणि ड्रॅगला हात न लावताही ओढ वाढते. भरलेला स्पूल ५४ मिमीचा आणि दोरी जाऊन तो ४० मिमीवर आला, तर सव्वादोनचे तीन किलो होतात. पहिल्या झटक्यात अडणारी रील असेल तर त्या तीनाच्याही पुढे काटा जाणार, शिवाय दोरीची ताकद गाठीपाशी आधीच कमी झालेली.

कुणी म्हणेल, तुटली दोरी तर तुटली. पण तुटते तेव्हा गळ माशाच्या तोंडातच राहतो. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा ही बहुतेक वेळा अंड्याची मादीच. आठ किलोच्या वरचा मासा मी पाण्यातच ठेवून गळ काढतो आणि सोडून देतो. सोडायचा तर तो आधी नीट हातात यायला हवा.

आता खाडीच्या चिखलाबद्दल. महागड्या रीलवर ‘आयपीएक्स ६’, ‘आयपीएक्स ८’ असं लिहिलेलं असतं आणि लोक समजतात, आता आत काहीच जाणार नाही. त्या खुणेतला पहिला अंक धूळ-कणांसाठी असतो आणि दुसरा पाण्यासाठी. पहिल्या जागी ‘एक्स’ आहे म्हणजे कणांबद्दल काहीही सांगितलेलं नाही. सहा म्हणजे जोराचा फवारा सहन होतो, आठ म्हणजे बुडवून ठेवलेलं सहन होतं, आणि तीही चाचणी गोड्या पाण्यात. आपल्या खाडीत ओहोटीला जो पिठासारखा बारीक गाळ उठतो, तो दोरीला चिकटून आत येतो आणि सर्वात आधी लाइन रोलरवर जातो, कारण ओली दोरी तिथेच काटकोनात वळते. दुकानात रील बघताना दोरी ओवून ताणा आणि तो रोलर खरोखर फिरतोय का ते बघा. न फिरणारा रोलर ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या दोरीचे धागे उसवतो. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, पुसावं आणि मग ड्रॅग सैल करून ठेवावा, म्हणजे वॉशर दबून राहत नाहीत. नळाला पाइप लावून जोराचा फवारा मारू नये, त्याने मीठ उलट आत ढकललं जातं.

माझी तक्रार यापुढची आहे. २०२१ मध्ये मी साडेअठरा हजारांची रील घेतली. आयुष्यात स्वतःसाठी घेतलेली ही सर्वात महाग वस्तू, बायकोने स्वतः आग्रह धरला म्हणून घेतली. ड्रॅग उत्तम, गिअर उत्तम. दुसऱ्या पावसाळ्यानंतर लाइन रोलरचं बेअरिंग अडकलं. विकणाऱ्यांकडे गेलो तर उत्तर मिळालं की सुटा भाग येत नाही, बेलचा, म्हणजे दोरी स्पूलवर घेणाऱ्या तारेच्या कडीचा, अख्खा संच बदलावा लागेल, पाच हजार आणि तीन महिने. घरी व्हर्निअर लावला. बाहेरचा व्यास ७ मिमी, आतला ४, जाडी अडीच. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर दोन दुकानं फिरलो, तिसऱ्यात त्याच मापाचं स्टेनलेसचं मिळालं, चहा-नाश्त्याच्या पैशांत. बसवलं, रील चालू झाली. पण यंदा हँडल उलटं फिरू न देणारा क्लच घसरायला लागलाय. आधी वाटलं, माझ्याच हातून त्यात ग्रीस गेलं असेल, ग्रीसने तो घसरतो. साफ केला, तरी तेच. आतले रोलर झिजलेत. हा भाग नागदेवीत मिळत नाही, विकणाऱ्यांकडेही नाही. बाकी सगळी ठणठणीत असलेली रील गेले चार महिने स्टीलच्या डब्यात सुटी करून ठेवली आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं धरली आहेत. आपली रील यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. माझी मागणी एवढीच की महागडी रील आयात करून विकणाऱ्याने लाइन रोलरचं बेअरिंग, क्लच, ड्रॅग वॉशर आणि बेलची स्प्रिंग हे चार भाग निदान पाच वर्षं देशात ठेवावेत आणि त्यांची किंमत विकतानाच लिहून द्यावी. घेणाऱ्यांनीही पैसे देण्याआधी या चार भागांची किंमत विचारावी. मी ती विचारली नव्हती.

नारळी पौर्णिमेनंतर गळ टाकणाऱ्यांची खरेदी सुरू होते, म्हणून शक्य झाल्यास हे पत्र त्याआधी छापावं ही विनंती. रविवारी भरतीच्या वेळी मी सारसोळे जेट्टीवर असतो, ताणकाटा पिशवीतच असतो. ज्यांना आपल्या रीलचे दोन आकडे बघायचे असतील, त्यांनी ती घेऊन यावी.

आपला,
एक निवृत्त गिअर कामगार,
घणसोली, नवी मुंबई