सहलीचा वेग शेवटच्या स्वाराकडे पाहून ठरवा

माननीय संपादक,
स. न.

पणजीत फोंतेन्हास, मळा, कांपाल, मिरामार या भागांत सेग्वे (उभ्याने चालवायची, अंग पुढे झुकवले की पुढे जाणारी दोनचाकी विजेची गाडी) आणि विजेच्या सायकली-स्कूटरवरून पर्यटकांना हिंडवणाऱ्या सहली दिसू लागल्या, त्याला आमचा विरोध नाही. धूर नाही, हॉर्न नाही; अरुंद गल्लीत घुसून अडकणाऱ्या भाड्याच्या मोटारींपेक्षा त्या शंभर पटींनी बऱ्या. तक्रार आहे ती वेगाची.

मार्गदर्शकाला हटकले, तर ‘काका, ही वीसच्या वर जातच नाही’ असे उत्तर मिळते. पण वीस ही यंत्राची कमाल झाली, गल्लीची नव्हे. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, आणि नवखा माणूस दचकून ब्रेककडे वळेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. फोंतेन्हासमध्ये कित्येक घरांचे दार थेट रस्त्यावर उघडते. दूध घ्यायला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या आजींना हे साडेपाच मीटर कुठून मिळायचे? वेग दहावर आणला, तर हे अंतर निम्मे होते आणि ब्रेक लागल्यानंतरचे अंतर जवळपास चौथाईवर येते.

सेग्वे बनवणाऱ्यांना याची जाण सुरुवातीपासून होती. पहिल्या मॉडेलबरोबर तीन किल्ल्या असत: नवशिक्यांसाठी काळी, ताशी सुमारे १० किमी; मग पिवळी, १३; आणि लाल, २०. मर्यादा आली की यंत्र दांडा मागे रेटून स्वाराला आवरते. पाच मिनिटांत शिकून निघालेल्या पाहुण्याला या रेटण्याचा अर्थ कळत नाही. तो आणखी पुढे झुकतो. कमाल वेगाला असे झुकले, तर तोल सावरायला मोटरपाशी फारशी ताकद उरत नाही.

खरी गोम मात्र ओळीच्या शेपटात आहे. मार्गदर्शक पुढे बाराने चाललेला असतो. सेंट सेबेस्टियन कपेलपाशी एखादी बाई फोटोसाठी थांबते, मान वर करून पाहते तो बाकीचे वळणापलीकडे गेलेले. मग ती वीसने सुटते, एका हातात अजून मोबाईल, नजर पुढच्यांच्या पाठीवर. आमच्या दारासमोर हे नेहमीचे आहे. मार्गदर्शक मात्र शपथेवर सांगेल की तो बारानेच चालला होता, आणि ते खरेही असेल! म्हणून मर्यादा पुढच्याच्या शिस्तीवर न सोडता प्रत्येक वाहनातच घातलेली हवी: गल्ल्यांत १०, मिरामारच्या मोकळ्या पट्ट्यावर फार तर १५. मार्गदर्शकाने त्याहून दोन-तीन किमी कमीच चालावे, म्हणजे मागे पडलेल्याला गाठायला वाव राहील. शिवाय एक सहायक शेवटी हवाच.

वेग वाढतो त्याला सहलीचे वेळापत्रकही कारणीभूत आहे. एका तासात आठ ठिकाणे दाखवायचे कबूल केले, की मार्गदर्शकालाही पळावेच लागते. पाच दाखवा, पैसे तेवढेच घ्या.

कायद्याकडून फारशी मदत नाही. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि २५ किमीच्या आतला वेग असलेल्या हलक्या विजेच्या वाहनांना नोंदणी नाही, चालवणाऱ्याला परवाना नाही. प्रागने २०१६ मध्ये जुन्या शहराच्या मध्यभागातून सेग्वे सरसकट बाद केले, तशी पाळी इथे येऊ नये. महापालिका आणि पर्यटन खात्याने सहलीला मुभा देतानाच वाहनात किती वेगाची मर्यादा घातली आहे आणि एका मार्गदर्शकामागे किती स्वार आहेत, हे लेखी घ्यावे. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या आल्तिनोच्या उतारावर मात्र कोणताच आकडा पुरणार नाही. तिथून सहली नेऊच नयेत.

— एक रहिवासी, मळा, पणजी