मावशीचं ‘बघूया मगे’ आणि शेअर बाजारातला लवाद

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

माझी मावशी देवगड तालुक्यात राहते. हापूसची वीसेक कलमं आणि काकांच्या मागे तिच्या नावावर झालेले थोडे शेअर, एवढीच तिची मत्ता. बाजारपेठेत एका ब्रोकरच्या माणसाचा गाळा आहे. तुमच्या नियमांत त्याला ऑथराइज्ड पर्सन म्हणतात, आमच्याकडे तो अजून सबब्रोकरच. त्याने घरी येऊन फॉर्म भरून घेतले. सह्या कुठे कुठे केल्या, हे मावशीला आजही सांगता येत नाही. गेल्या पावसाळ्यात तेच शेअर तारण ठेवून त्याने ऑप्शनचे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायचे जोखमीचे सौदे केले आणि 2 लाख 83 हजार रुपये गेले.

कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे झालेल्या सौद्यांच्या पावत्या, रोज ईमेलवर जात होत्या, असं ब्रोकर म्हणतो. खरं आहे. तो ईमेल मुंबईतल्या माझ्या मावसभावाचा, आणि त्याने तो कधी उघडला नाही. ही चूक आमची.

पण ग्राहकाने सौदा सांगितल्याचा पुरावा ब्रोकरने जपायचा आणि वाद झाला तर तो त्यानेच दाखवायचा, हे सेबीच्याच 2017 च्या परिपत्रकात आहे. नियम चांगला आहे. त्याच्या जोरावरच आम्ही आधी ब्रोकरकडे, मग स्कोअर्स या सेबीच्या तक्रार पोर्टलवर आणि शेवटी स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वाद सोडवण्याच्या पोर्टलवर तक्रार केली. ही ऑनलाइन सोय 2023 मध्ये आली. तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची गरज उरली नाही, याबद्दल मनापासून आभार. (रेंजसाठी मावशीला सड्यावर न्यावं लागलं, पण तो दोष तुमचा नाही.)

ब्रोकरने पुरावा म्हणून 37 सेकंदांचं रेकॉर्डिंग दिलं. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय. गाळ्यावरचा माणूस विचारतो, ‘मावशे, आज एक बरो सौदो आसा, घेव ना?’ मावशी म्हणते, ‘हां हां, बघूया मगे. चुलीर पेज आसा.’ आणि फोन ठेवते.

सोबत जोडलेल्या इंग्रजी उताऱ्यात तिच्या वाट्याला दोनच शब्द आले आहेत : ‘येस, येस.’

कोकणात ‘बघूया मगे’ म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून आम्ही बघूया म्हणतो. उसने मागणाऱ्याला म्हणतो, स्थळ घेऊन येणाऱ्याला म्हणतो. स्मार्ट ओडीआरवर लवादाआधी सामोपचाराने तडजोड होते का ते बघतात; त्यासाठी बसलेले गृहस्थ भले होते, पण त्यांना मराठी येत नव्हतं. मावशी ‘मी खय सांगितलंय त्याका?’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि मी तिचं हिंदी करत राहिलो. मी तिचा भाचा, माझ्या भाषांतरावर समोरच्याने का विश्वास ठेवावा? 21 दिवसांची मुदत संपली, तडजोड झाली नाही. आता लवाद.

लवादाची भाषा दोन्ही पक्षांनी ठरवावी, एकमत झालं नाही तर लवादाने ठरवावी, असं 1996 च्या लवाद कायद्याचं कलम 22 सांगतं. कायद्याची आडकाठी नाहीच. मग तक्रार नोंदवतानाच भाषा निवडायला द्या आणि ती भाषा कळणारी व्यक्ती लवाद म्हणून नेमा. फोनवर जे बोललं गेलं, ते त्याच बोलीत शब्दन् शब्द लिहून द्यायचं बंधन ब्रोकरवर घाला. हे एकट्या मावशीसाठी मागत नाही. एक लाखापर्यंतच्या दाव्यात निकाल सहसा नुसत्या कागदांवर लागतो. तिथे बाईचा सूर कुणाच्या कानावरच पडत नाही, उरतं ते ‘येस, येस’.

आणखी एक. ऑथराइज्ड पर्सनच्या कृत्यांना ब्रोकर जबाबदार असतो, हे गाळ्याच्या दारावर ठळक मराठीत लिहायला लावा. आमच्या माणसाने सुरुवातीला ‘मी आता तिथे नाही, कंपनीला विचारा’ असं सांगितलं, आणि कंपनी म्हणाली, त्यालाच विचारा. यात दोन महिने गेले.

रेकॉर्डिंग आमच्या तक्रारीला जोडलेलं आहे. तुमच्या इमारतीत देवगड-मालवणकडचं कुणीतरी नक्की काम करत असेल. त्यांना ते एकदा ऐकवा आणि विचारा, मावशी हो म्हणाली का.

आपला,
मावशीचा भाचा, देवगड